पूजेत बसलेल्या हार्ड डिस्क

टेन्शन आलं की काही बायका डबे घासायला काढतात. मी हार्ड डिस्क आवरायला घेते. माझं कामच तसलं आहे. नेरूळच्या आमच्या फ्लॅटमध्ये आतल्या खोलीतलं भिंतीतलं कपाट म्हणजे माझा स्टुडिओ. मागे साड्या लटकलेल्या, खाली जुन्या उशा, मध्ये माइक, आणि दार ओढून मी आत. कुणाच्या माहितीपटाला आवाज द्यायचा, कुणाच्या शाळेचा व्हिडिओ कापून जोडून द्यायचा, हे मी घरबसल्या करते. पंखा बंद, घाम चालू. त्यात वरच्या मजल्यावर कायम कुणीतरी भिंत फोडत असतं. आमच्या सोसायटीत लोक राहायला येतात की भिंती फोडायला, देव जाणे.

हार्ड डिस्क माझ्याकडे चार. चारही एकाच दुकानातून घेतलेल्या, काळ्या, एकसारख्या. म्हणून त्यांना कागद चिकटवून नावं दिलेली. ‘कच्चं’ म्हणजे माइकसमोर बोललं तसंच्या तसं. ‘शिजतंय’ म्हणजे काम चालू. ‘ताट’ म्हणजे तयार झालेलं, गिऱ्हाइकाला वाढलेलं. आणि ‘फडताळ’ म्हणजे पहिल्या तिन्हींची आणखी एक प्रत, जी रोज आपोआप काढली जाते. नवरा हसतो. म्हणतो, तुझं दुकान आहे की खानावळ? हसू दे. कामासाठी तो वर्षातले बरेच दिवस गुजरातेत असतो, त्याला काय कळणार, डिस्क फिरताना मधेच ‘कट्’ असा आवाज आला की मी कशी हातातलं टाकून धावते ते. त्यात ही खाडीकाठची हवा. कपाटाच्या बिजागऱ्या गंजतात, मग डिस्कच्या आत काय होत असेल ह्याचा विचार करायला लागलं की मला जेवण जात नाही.

आणखी एक सवय सांगते. आवाज साफ करताना कापलेला तुकडा मी फेकत नाही. खोकला, अडखळणं, चुकलेला शब्द, सगळं उचलून खालच्या थरात ठेवते. एखादा चांगला शब्द चुकून कापला गेला तर परत घेता यावा म्हणून. काम संपलं की दोन्ही थरांच्या वेगवेगळ्या फायली करते. वरच्या थराची ‘आवाज’, खालच्याची ‘कचरा’. कचरा कधी कुणी मागत नाही. मीही उघडून बघत नाही.

तर माझा दादा. माझ्यापेक्षा मोठा, लग्न केलं नाही, आईबरोबर खांदेश्वरला राहतो. तळोज्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता, नकाशे काढायचा. ते काम त्याला मानवलं, कारण नकाशाला बोलावं लागत नाही. दादा लहानपणापासून अडखळत बोलतो. एकेका अक्षरावर गाडी अशी अडकते की समोरच्याचा जीव कासावीस होतो. माझा तर फारच व्हायचा. दुकानात त्यानं ‘सा-सा-सा’ सुरू केलं की मी मागून ओरडायचे, ‘साबण द्या, काका!’ त्याच्या वाट्याची सगळी तोंडपाटीलकी मीच केली.

आई मात्र कधी त्याचं वाक्य पूर्ण करायची नाही. हातातलं काम थांबवायची, त्याच्या तोंडाकडे बघायची आणि उभी राहायची. भाजी करपली तरी चालेल. फक्त एका शब्दाला ती कधी थांबली नाही. तो ‘आ-आ-आ’ करायला लागला की ती ‘आले रे, आले’ म्हणत जिथे असेल तिथून यायची. त्यामुळे त्याला ‘आई’ हा शब्द पुरा म्हणायची फारशी वेळच आली नाही.

ह्या वर्षी त्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज जाईल. मी ढसाढसा रडले. आईनं पदराला डोळे पुसले आणि ती कुलदेवीला नारळ बोलली. दादानं फक्त मान हलवली.

मग हॉस्पिटलातल्या एका बाईंनी सांगितलं, ऑपरेशनच्या आधी आवाज साठवून ठेवा. असं एक सॉफ्टवेअर आहे, त्याला त्या माणसाच्या आवाजातली भरपूर वाक्यं दिली की पुढे मोबाईलवर टाइप केलेलं ते त्याच्या आवाजात बोलून दाखवतं. मी म्हटलं, एवढंच ना? स्टुडिओ घरचा, बहीण घरची! दुसऱ्याच दिवशी दादा आणि आई बॅगा घेऊन नेरूळला आले.

श्रावणातले ते दिवस. दादा साड्यांमध्ये घामाघूम होऊन बसलेला, मी कपाटाबाहेर हेडफोन लावून जमिनीवर. वाचायला दिलेली वाक्यं एकेक भन्नाट. ‘हिरवी बस पुलावरून वळली.’ ‘मावशींना कोबी आवडत नाही.’ दादा वैतागून म्हणाला, ‘हे मी आ-आ-आयुष्यात कधी बोलणार आहे?’ तेव्हा मी घरातली वाक्यं जोडली. आई, चहा टाक. आई, जाऊन येतो. आई, माझा चष्मा कुठाय?

अट एकच होती. वाक्यं सरळ हवीत, मधे अडखळणं नको, नाहीतर सॉफ्टवेअर गोंधळतं. म्हणजे कापणं आलंच. मी दादाचा एकेक ‘क-क-क’ उचलून खाली टाकत गेले. पहिलं साफ झालेलं वाक्य मी त्याला ऐकवलं तेव्हा तो कितीतरी वेळ हेडफोन कानाला दाबून बसला होता. परत लाव, म्हणाला. परत लावलं. मग हळूच म्हणाला, ‘ऑपरेशन झालं की मी असा बो-बोलणार?’

‘असाच. वकिलासारखा.’

‘मग ते क-कच्चं ठेवू नकोस. पुसून टाक.’

मी ‘पुसते’ म्हटलं. नको कशाला म्हणू? आयुष्यभर ज्यानं छळलं ते त्याला घरात नको होतं. ते बरोबरच होतं.

ऑपरेशन गणपतीनंतर झालं, चांगलं झालं. पण दादा आयसीयूत होता त्या दिवसांत मला घरी आलं की बसवत नव्हतं. म्हणून मी डिस्क आवरत होते. ह्यातलं त्यात टाक, जुनं पूस, जागा कर, नावं बदल. काय काय पुसलं ते आजही मला धड सांगता येणार नाही. हात चालू होते, डोकं हॉस्पिटलात होतं.

हॉस्पिटलातून आमच्याकडेच नेरूळला आल्यावर दादाला बोलायला पाटी दिली. शाळेतली दगडी पाटी, आईनंच बाजारातून आणली. मोबाईलमधला आवाज तयार होऊन आला तो नवरात्रात. आई म्हणाली, ‘साडेतीन मुहूर्तातला दिवस हाय, दसऱ्याला बोल रे. तोवर थांब.’ आम्ही थांबलो.

दसऱ्याच्या सकाळी मी दादाच्या खोलीत मोबाईल जुळवत बसले होते. आई आंघोळ करून पूजेला लागली होती. मला वाटलं विळी, सुरी, माझी कात्री वगैरे मांडत असेल. दादानं टाइप केलं, हसला, हॉलमध्ये आला आणि बटण दाबलं.

‘आई, दसऱ्याचा नमस्कार करतो. आज जेवायला श्रीखंड आहे का?’

सुरेख आवाज! दादाचाच. जरासा खर्जातला, मऊ, आणि झरझर.

आई पूजा मांडून आता स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होती. तिथूनच तिनं विचारलं, ‘कोन आलंय गं? पावण्यांना बसाय सांग. श्रीखंड हाय म्हणावं.’

मी दादाकडे बघितलं. तो मोबाईलकडे बघत होता. त्यानं परत बटण दाबलं. परत तेच सुरेख वाक्य. आई पदराला हात पुसत बाहेर आली, सोफ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. ‘गेलं व्हय?’

‘आई, अगं दादा बोलला! दादाचा आवाज आहे हा!’

आईनं त्याच्याकडे बघितलं. खोटं बोलायचं तिच्या रक्तात नाही. ‘ह्येचा? ह्यो कवा असा बोलला?’ म्हणाली, आणि लगेच चूक कळून त्याच्या गालाला हात लावला. ‘ग्वाड हाय रं आवाज. लई ग्वाड हाय.’ पण झालं ते झालं. दादाचा चेहरा मी बघितला. स्वतःच्या आईनं ज्याला पाहुणा समजलं त्यानं काय करावं?

तो पाटी शोधायला लागला. टेबलावर नाही, पलंगावर नाही. पाटी पूजेत होती. आईनं तिच्यावर खडूनं सरस्वती काढली होती आणि झेंडू वाहिला होता. मग त्यानं मोबाईलवर लिहिलं, बटण न दाबता स्क्रीन माझ्यासमोर धरली.

‘कच्चं आहे का?’

‘आहे ना!’ मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं. मग आठवायला लागले. आहे का? की पुसलं? त्यानं सांगितलं म्हणून पुसलं, की ‘पुसते’ म्हणून पुसायचं राहिलं? आणि ‘कच्चं’मधून पुसलं तरी ‘फडताळ’मध्ये प्रत असेल. असायलाच पाहिजे. मी आतल्या खोलीकडे धावले. कपाटातला डिस्कचा कप्पा रिकामा.

चारही डिस्क पाटावर होत्या. विळीच्या शेजारी. माइक, हेडफोन, सगळा माझा संसार तिथे मांडलेला. ओल्या फडक्यानं लख्ख पुसलेल्या, वर हळदकुंकवाची बोटं, दुर्वा, फुलं. आणि कागद? माझे चिकटवलेले कागद?

‘कसलं घान कागद चिकटलं हुतं,’ आई म्हणाली. ‘सुरीनं खरवडून काढलं. देवाम्होरं असलं ठेवायचं का?’

मी पाटाशी वाकले. डिस्कच्या वायर जोडायच्या फटीत हळद गेलेली मला दिसत होती. पिवळी. ओल्या फडक्याचं पाणी तर आत उतरलं नसेल? मी हात पुढे केला तर आईनं मनगट धरलं.

‘आज हात लावायचा न्हाय. हत्यारं इसाव्याला बसवल्यात. उद्या सकाळी पूजा हालवायची, मंग घे.’

‘आई, मला आत्ता बघायचंय! त्यात दादाचा आवाज आहे! तुला कळतंय का? तो परत कुठेही मिळणार नाही!’ मी ओरडलेच. सणासुदीच्या दिवशी मी माझ्या म्हाताऱ्या आईवर ओरडले.

‘म्हणून तर म्हनते,’ ती म्हणाली. ‘त्यात त्येचा आवाज हाय म्हणून तर पयल्यांदा त्याच बसवल्या. नारळ बोललीय मी देवीला. आज त्या तिच्या म्होरं ऱ्हाऊ दे. इस्कटू नगं, बाई.’

दादानं मला लांबूनच हातानं खूण केली, जाऊ दे. त्याचा माझ्या हार्ड डिस्कवर विश्वास नव्हता, देवीवर होता की नाही ते माहीत नाही, पण आईचं मन मोडायची त्याची तयारी नव्हती. मग मलाही ते जमलं नाही.

तो दिवस माझा कसा गेला ते मलाच माहीत. येता-जाता पाटाकडे बघायचं. निरांजनाची वात जरा मोठी झाली की कमी करायची. उदबत्तीची राख कुठे पडते ते बघायचं. एकदा आईनं पळीनं पाणी शिंपडायला घेतलं तर मी अक्षरशः मधे हात घातला. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. डोळ्यांसमोर आहे, हाताच्या अंतरावर आहे आणि विचारता येत नाही, आहेस का गेलास म्हणून.

संध्याकाळी सोनं द्यायला शेजारपाजारचे आले. दादाला ऐकू येत नाही अशा समजुतीनं सगळे त्याच्याशी मोठ्यानं बोलत होते. ‘सोनं घ्या! सोन्यासारखे राहा!’ तो आपट्याची पानं घेत होता, वाकून नमस्कार करत होता. मोबाईल त्यानं खिशातच ठेवला होता. एक काका म्हणाले, अहो ते मशीन आलं ना, बोलून दाखवा की! दादा नुसता हसला. त्यानं काही तो मोबाईल बाहेर काढला नाही.

सकाळी आईनं पूजा हलवली. अक्षता टाकल्या, फुलं उचलली, एकेक डिस्क आपल्या हातानं माझ्या हातात दिली. मी जुना दातांचा ब्रश घेऊन फटीतली हळद झाडली, फुंकर मारली, पंख्याखाली ठेवली, पुन्हा झाडली. आता कुठली कुठली ते कळायला मार्ग नाही. जोडून बघणं हाच उपाय. पहिली जोडली. दिवा लागला, फिरायला लागली. ‘ताट’ निघाली. दादाची साफ वाक्यं त्यात होतीच. दुसरी जोडली. ‘कच्चं’.

आत सगळ्यांचं होतं. माहितीपटवाल्यांचं, शाळावाल्यांचं, साबणाच्या जाहिरातीचं. दादाचं नव्हतं. म्हणजे मी पुसलं होतं. शब्द पाळला होता.

ठीक आहे, मी स्वतःला म्हटलं, ‘फडताळ’ आहे. वायर नीट बसेना. तिसरी जोडली, ती ‘फडताळ’च निघाली. त्यातल्या ‘कच्चं’च्या प्रतीतही नाही. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं भवाने, तूच सेट केलं होतंस ना, पहिल्या तिन्हींत जे असेल तेच ‘फडताळ’मध्ये राहावं म्हणून? तिथून पुसलं की इथूनही पुसलं जाणार. आपोआप. रोज. एवढी शहाणी मी, स्वतःच्या हुशारीच्या खड्ड्यात पडले.

दादा माझ्या मागे खुर्चीवर बसला होता. मी वळले नाही. मला त्याच्याकडे बघायची हिंमत नव्हती. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं ते त्याला पाठीवरूनही कळलं असणार, कारण त्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली. लहानपणी मारायचा तशी.

चौथी डिस्क मी केवळ जोडायची म्हणून जोडली. ‘शिजतंय’. दादाच्या कामाचा फोल्डर उघडला. आत दोन फायली. ‘आवाज’. ‘कचरा’.

कचरा.

मी ती उघडली. ती उघडताना मला नक्की काय अपेक्षित होतं ते मी सांगू शकत नाही. कपाटाशेजारचा स्पीकर चालू होता, हेडफोन लावायचं सुचलंच नाही. पहिल्यांदा नुसती शांतता. साड्यांची, बंद पंख्याची. मग ‘प-प-’. मग पुन्हा लांबलचक शांतता, कारण शब्द वरच्या थरात राहून गेलेला. मग ‘क-क-क-’. मग खाकरणं. मग जोरात श्वास. एकही शब्द नाही. सगळी माझ्या दादाची अडलेली गाडी, शब्दाशब्दांच्या उंबऱ्यावर उभी राहिलेली. दादा खुर्चीतून पुढे झुकला. त्याचे ओठ त्याबरोबर हलत होते.

मग आमची घरातली वाक्यं आली असावीत.

‘आ- आ- आ-’

‘आले रे, आले!’

आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. ती तशीच आली, गुडघे दुखतात तरी भराभर, हातात दादाचा ओला शर्ट, पाणी सगळ्या फरशीवर. दारात येऊन उभी राहिली ती सरळ दादाच्या तोंडाकडे बघत. माझ्याकडे नाही, स्पीकरकडे नाही.

‘काय पायजे रं?’

मी फाईल थांबवली. दादाचं तोंड मिटलेलं होतं. गळ्यावरची पट्टी तेवढी वरखाली होत होती. त्याला काहीच नको होतं. त्यानं माझ्या हाताखालून हात घालून फाईल जरा मागे नेली आणि पुन्हा बटण दाबलं.

‘आ- आ- आ-’

‘आरं आले की,’ आई म्हणाली. ‘तुझ्या म्होरंच उभी हाय.’